जर्मन शिकताना ‘लांडेसकुंडे’ कशी शिकायची: बाडेन-व्युर्टेमबर्गला निघालेल्यांसाठी

मी मूळची सांगलीची, व्यवसायानं नर्स. गेली काही वर्षं स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या रुग्णालयात काम करते. जर्मनची बी२ची (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली चौथी) परीक्षा पास होऊन आले होते, त्यामुळे भाषेची तशी भीती नव्हती. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातल्या एक आजी म्हणाल्या, “मिर टूट देअर फूस वे.” फूस म्हणजे पाऊल, हे ए१लाच शिकलेलं. मी मोजा काढला, घोटा पाहिला, तळवा दाबून पाहिला, टाचेला कुठे जखम आहे का तेही तपासलं. आजी नुसती मान हलवत राहिल्या. शेवटी सोबतच्या नर्सनं समजावलं, की इथल्या श्वेबिश बोलीत फूस कमरेखाली लगेच सुरू होतो. आजींचं दुखत होतं मांडीत. आपण नाही का “पाय दुखतोय” म्हणतो, आणि दुखत असतो गुडघा, पोटरी किंवा मांडी? अगदी तसंच. मराठीतून विचार केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

जर्मनच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी एक-दोन रंगीत पानं असतात. त्यात नकाशे, सण, खाणंपिणं, शहरांची माहिती असते. त्याला लांडेसकुंडे म्हणतात, म्हणजे त्या मुलखाची ओळख. मी ज्या क्लासला जात होते तिथे ही पानं “परीक्षेला नाहीत” म्हणून उलटून टाकली जायची. मीही उलटली. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ओळखीपाळखीतून मला सारखे फोन येतात. ताई, व्याकरण झालं, आता काय करू? त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही दुसऱ्या राज्यात जाणार असाल तरी पद्धत हीच वापरा, फक्त नावं बदला.

आधी हाताशी काय हवं

- नावं नसलेला जर्मनीचा नकाशा, ए३ आकारात छापलेला. ‘श्टुमे कार्टे’ असं शोधलं की मिळतो. दोन प्रती काढा, पहिली खराब होतेच.
- एक जाड वही. अर्धी राज्यासाठी, अर्धी शब्दांसाठी.
- जिथे जाणार त्या राज्याचं चालू वर्षाचं सुट्ट्यांचं कॅलेंडर.
- त्या भागाच्या रेडिओचं अ‍ॅप. बाडेन-व्युर्टेमबर्गसाठी एसडब्ल्यूआर.
- ‘आटलास त्सुर डॉयचेन आलटाग्सश्प्राखे’ ही वेबसाइट. रोजच्या वस्तूला कुठल्या भागात काय म्हणतात, याचे ठिपक्यांचे नकाशे तिथे फुकट पाहता येतात.
- बुंडेसअमट फ्युर मिग्राट्सिओन, म्हणजे बाम्फ या सरकारी कार्यालयाचा नागरिकत्व परीक्षेचा प्रश्नसंच. तोही फुकट.

यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. ‘जर्मन संस्कृती’चे महागडे ऑनलाइन कोर्स तुम्हाला कोणी सुचवले, तर ते पैसे परीक्षेच्या फीसाठी राखून ठेवा.

१. राज्यांची यादी पाठ करण्याआधी नद्या काढा

सोळा राज्यं आणि सोळा राजधान्या घोकायला सगळेच सुरुवात करतात आणि आठवड्यात विसरतात. त्याऐवजी कोऱ्या नकाशावर निळ्या पेन्सिलीनं नद्या काढा. ऱ्हाइन बोडेनझे सरोवरातून बाहेर पडते, फ्रान्सच्या सीमेला लागून उत्तरेकडे वळते आणि क्योल्न (कोलोन), ड्युसेलडॉर्फ करत नेदरलँड्समध्ये जाते. नेकार ट्युबिंगेन, स्टुटगार्ट, हायडेलबेर्ग या वाटेनं येऊन मानहाइमला तिला मिळते. माइन फ्रांकफुर्टवरून येऊन माइन्त्सला मिळते. एल्बे द्रेस्डेनवरून हामबुर्गला. डोनाउ (डॅन्यूब) तेवढी पूर्वेकडे, थेट काळ्या समुद्रापर्यंत. नद्या बसल्या की शहरं आपोआप जागेवर बसतात.

मग उंची बघा. उत्तर सपाट, समुद्राला लागलेली. दक्षिणेत आल्प्स, तिथलं त्सुगश्पिट्से शिखर २९६२ मीटर. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो: ओबरबायर्न, म्हणजे ‘वरचा’ बायर्न (बव्हेरिया), नकाशात खाली दिसतो आणि नीडरझाक्सेन, म्हणजे ‘खालचा’ झाक्सेन, पार वर. ही वर-खाली नकाशातली नाही, जमिनीच्या चढाची आहे. आपण ‘घाटावर’ जातो आणि ‘कोकणात उतरतो’, तीच भाषा. होखडॉयच, म्हणजे शुद्ध पुस्तकी जर्मन, या शब्दातला ‘होख’ही मुळात डोंगराळ दक्षिणेचाच. सपाट उत्तरेच्या जुन्या बोलीला प्लाटडॉयच म्हणतात. तिथे वासरचं ‘वाटर’ होतं आणि आप्फेलचं ‘आपेल’.

आकाराचा अंदाज यावा म्हणून: महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३,०७,७०० चौरस किलोमीटर, जर्मनीचं सुमारे ३,५७,०००. एवढ्याशा देशात सोळा राज्यं आहेत आणि शाळा व पोलीस ही खाती त्या त्या राज्याच्या हातात आहेत.

राजधान्यांमध्ये चुका होतात त्या या ठिकाणी: हेसेनची राजधानी फ्रांकफुर्ट नाही, वीसबाडेन आहे. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनची क्योल्न नाही, ड्युसेलडॉर्फ आहे. बर्लिन, हामबुर्ग आणि ब्रेमेन ही शहरंच राज्यं आहेत. पुण्यात औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज जाणाऱ्यांनी त्यातलं एक तरी लगेच लक्षात ठेवावं.

२. एकच राज्य निवडा आणि त्याचा जीव समजून घ्या

सगळा वेळ सोळा राज्यांत वाटू नका. जिथे राहणार त्याला दहा पानं द्या, बाकीच्यांना अर्धं अर्धं पान. माझ्या वहीतलं थोडं सांगते.

बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य १९५२ मध्ये जोडून झालं. कार्ल्सरूहे, मानहाइम, फ्रायबुर्ग हा बाडेन. स्टुटगार्ट, उल्म, ट्युबिंगेन हे व्युर्टेमबर्ग. सत्तर वर्षं उलटली तरी हा सांधा लोकांच्या मनात आहे. बाडेनच्या माणसाला ‘श्वाबे’, म्हणजे व्युर्टेमबर्गकडचा, म्हणू नका. नागपूरच्या माणसाला पुणेकर म्हटल्यावर जे होईल, तेच इथे होतं. कोणाचं गाव कुठलं हे माहीत नसेल तर सरळ विचारा, लोक आनंदानं सांगतात.

स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिशे आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे. पाऊस पडतो, पण पाणी वर टिकत नाही, दगडात मुरतं. इमेंडिंगेन गावाजवळ तर खुद्द डोनाउ नदीचं पाणी जमिनीत जिरतं, डोंगराच्या पोटातून वाहतं, आखटोप्फ नावाच्या मोठ्या झऱ्यातून बाहेर येतं आणि ऱ्हाइनला जाऊन मिळतं. कोरड्या उन्हाळ्यात मी ते पात्र पाहिलंय. पांढरे दगड, त्यावर चालणारी पोरं, आणि पुलावर ‘डोनाउ’ अशी पाटी. माणदेशातली माणगंगा आठवली.

अशा जमिनीवर मसूर येते, म्हणून इथलं रोजचं जेवण ‘लिन्झेन मिट श्पेट्सले’. घट्ट मसूर, त्यात थोडं व्हिनेगर, सोबत अंड्याच्या कणकेचे छोटे छोटे तुकडे. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं: त्यावर सॉसेज ठेवूनच देतात, नको असेल तर आधी सांगावं लागतं. माउलटाशेन, म्हणजे सारण भरलेले कणकेचे चौकोन, त्यांतही सहसा मांस असतं. ‘गेम्युझेमाउलटाशेन’ मागा.

या भागाला समजून घ्यायचं तर आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ‘रेआलटायलुंग’. वडिलांची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची पद्धत. जर्मनीच्या इतर कित्येक भागांत सगळी शेती एकाच वारसाकडे जायची. व्युर्टेमबर्गमध्ये पिढीगणिक वाटण्या होऊन तुकडे इतके लहान झाले, की शेतीवर भागेना. मग लोक विणकाम, लहानसहान कारखानदारी असं काहीतरी हाताला लावत गेले. रॉबर्ट बॉशनं १८८६ मध्ये स्टुटगार्टमध्ये छोटं वर्कशॉप काढलं, ते कारागिरांच्या याच मुलखात. काटकसर, पैपैचा हिशोब, कामाची ओढ हे ‘श्वाबेंचे गुण’ म्हणून पुस्तकात एका ओळीत येतात. पण आपल्याकडे ज्यांच्या घरात सात-बाराच्या वाटण्या झाल्या आहेत, त्यांना ते न सांगता कळतील.

३. घड्याळ आधी, बाकी सगळं नंतर

ड्युटीवर जाणाऱ्यांनी ही पायरी अजिबात टाळू नये.

‘हाल्ब द्राय’ म्हणजे किती वाजले? इंग्रजीतून विचार केला तर साडेतीन वाटतात, आणि तासाभराची चूक होते. मराठीतून विचार करा. आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. ‘दीड’ आला ‘द्व्यर्ध’वरून, दुसरा अर्धा. हाल्ब द्राय म्हणजे नेमकं हेच: तिसरा तास अर्धा भरला. अडीच.

हे सगळ्या जर्मनीत चालतं. पण श्वाबेन, फ्रांकेन, झाक्सेन, थ्युरिंगेन या भागांत पुढची पायरीही वापरतात:

- फिर्टेल द्राय: सव्वादोन
- हाल्ब द्राय: अडीच
- द्रायफिर्टेल द्राय: पावणेतीन

शेवटचा आपल्या पावणेतीनसारखाच, म्हणून सोपा जातो. धोका पहिल्यात आहे. ‘फिर्टेल’ म्हणजे पाव आणि ‘द्राय’ म्हणजे तीन, त्यामुळे मराठी कानाला ते ‘सव्वातीन’ ऐकू येतं. नियम एकच ठेवा: तिसऱ्या तासाचा किती भाग भरला? पाव, अर्धा, पाऊण. उत्तरेकडचे लोक सव्वादोनला ‘फिर्टेल नाख त्स्वाय’ म्हणतात आणि श्वाबेंचं ‘फिर्टेल द्राय’ त्यांनाही पटकन कळत नाही. म्हणून शंका आली की आकड्यात विचारून घ्या: “फियरत्सेन उअर फ्युन्फत्सेन?” माझ्या वॉर्डात याबद्दल कधी कोणी नाक मुरडलं नाही. वेळ चुकली तर मात्र पुढचा माणूस तुमच्यासाठी ताटकळतो.

४. शब्दांचा नकाशा करा

वहीत एकेका वस्तूचं पान करा आणि वर सांगितलेल्या आटलासवरून भरा. पावापासून सुरुवात करा. पुस्तकात ‘ब्र्योटशेन’ असतं. हामबुर्गच्या बेकरीत रुंडश्ट्युक, बर्लिनमध्ये श्रिपे, म्युन्शेनला (म्युनिकला) झेमेल, आमच्याकडे वेकले. जॅम भरलेल्या तळलेल्या गोळ्याला बऱ्याच भागात ‘बर्लिनर’ म्हणतात, पण बर्लिनमध्ये तोच प्फानकूखेन. देशाच्या इतर बऱ्याच भागात प्फानकूखेन म्हणजे आपल्या धिरड्यासारखा प्रकार. बायर्नमध्ये त्या गोळ्याला क्राप्फेन म्हणायचं. हे सगळं बोलायला नको, ऐकून ओळखता आलं पाहिजे.

रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांनी पुढची श्वेबिश यादी भिंतीवर लावा:

- फूस: पाऊल नाही, अख्खा पाय
- टेपिश: गालिचा नाही, पांघरूण. रात्री रुग्ण टेपिश मागतो तेव्हा त्याला थंडी वाजत असते.
- हेबेन: उचलणं नाही, धरून ठेवणं. “हेब मोल” म्हणजे जरा धरा.
- लुप्फेन: हे उचलणं
- ग्झेल्त्स: जॅम
- गेल?: वाक्याच्या शेवटी, आपल्या “ना?”सारखं
- आडे: निरोप घेताना

हेबेनची गफलत रुग्णाला आधार देताना फार वाईट होऊ शकते. समोरचा म्हणतोय धर, आणि आपण उचलायला जातो. ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

भेटल्यावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात. शब्दशः त्यात देव आहे, पण आपल्या ‘राम राम’मध्ये जितका धर्म असतो तितकाच. बिनधास्त उत्तर द्या. उत्तरेत हीच वेळ ‘मॉइन’ची, तेही दिवसभर.

एक सावधगिरी. बोली समजून घ्या, पण पहिल्याच दिवशी बोलायला जाऊ नका. तोडकीमोडकी श्वेबिश ऐकून म्हाताऱ्या माणसांना आपण त्यांची नक्कल करतोय असं वाटू शकतं. शुद्ध जर्मन बोला. ‘गेल’ आणि ‘आडे’ वर्षभरात आपोआप तोंडात बसतात. या राज्यानं १९९९ पासून कित्येक वर्षं स्वतःची जाहिरातच “आम्हाला सगळं जमतं, होखडॉयच सोडून” अशी केली होती. त्यामुळे तुम्ही शुद्ध बोललात तर कोणाला खटकत नाही.

५. सुट्ट्यांचं कॅलेंडर

देशभर लागू अशा सुट्ट्या नऊ. बाकीच्या राज्याराज्यात वेगळ्या. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ६ जानेवारी, फ्रोनलाइखनाम (मे-जूनमधला कॅथलिक सण) आणि १ नोव्हेंबर धरून बारा होतात. ३१ ऑक्टोबरला उत्तर आणि पूर्वेकडच्या राज्यांत सुट्टी, आमच्याकडे नाही. बर्लिनला ८ मार्चची सुट्टी आहे. सुट्टी रविवारी आली तर बदली दिवस मिळत नाही. सुट्टीला आणि दर रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी आदल्या दिवशी आणून ठेवा.

ऑक्टोबरफेस्ट म्हणजे जर्मनी, हा समज मात्र घरीच सोडून या. तो म्युन्शेनचा. स्टुटगार्टचा स्वतःचा कानश्टाटर फोक्सफेस्ट आहे. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मध्ये स्फोट झाला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही आणि व्युर्टेमबर्गमध्ये दुष्काळ पडला. त्यातून सावरल्यावर राजा विल्हेल्म पहिला यानं १८१८ मध्ये हा शेतीचा मेळा सुरू केला. आजही मैदानाच्या मधोमध फळं-धान्यांनी सजवलेला उंच खांब उभा करतात. तो खांब बघायला जरूर जा.

फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या फासनेटला, म्हणजे इथल्या मुखवट्यांच्या उत्सवालाही हेच लागू. क्योल्नचा कार्नेवाल वेगळा, आमच्याकडचा वेगळा. इथे लाकडी मुखवटे असतात, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. रोटवाइलला ती मिरवणूक पाहताना मला कोकणातला शिमगा दिसत होता. मुखवट्याला परवानगीशिवाय हात लावू नका.

६. इतिहास वाचा, आणि रस्त्यावरही वाचा

तारखा कमी पण पक्क्या हव्यात. २३ मे १९४९ राज्यघटना, १३ ऑगस्ट १९६१ बर्लिनची भिंत, ९ नोव्हेंबर १९८९ ती उघडली, ३ ऑक्टोबर १९९० एकीकरण. राज्यघटनेचं पहिलं वाक्य जर्मनमध्ये पाठ करा: “डी व्युर्डे डेस मेन्शेन इस्ट उनआन्टास्टबार.” माणसाच्या प्रतिष्ठेला कोणी हात लावू शकत नाही. ते पहिलंच का आहे, हे पुढची गोष्ट पाहिल्यावर कळतं.

फुटपाथवर चालताना दहा सेंटिमीटरचा चौकोनी पितळी दगड दिसेल. त्याला श्टोल्परश्टाइन म्हणतात. नाझींच्या बळींच्या घरांसमोर कलाकार गुंटर डेमनिशनं हे बसवायला सुरुवात केली आणि आज त्यांची संख्या लाखावर गेली आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, पितळ चमकत होतं. वाकून वाचला. ‘हिअर वोन्टे’, इथे राहत होती, मग नाव, जन्मसाल, ‘डेपोर्टिअर्ट १९४१ रिगा’, १९४१ मध्ये रिगाला हद्दपार, ‘एरमोर्डेट’. हत्या केली. चार ओळी. कर्मणीतली भूतकाळी रूपं मी वर्गात पन्नास वेळा गिरवली होती, पण त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

म्हणून एक कळकळीची सूचना, खास आपल्या लोकांसाठी. स्वस्तिक. आपल्यासाठी ते मंगल चिन्ह आहे, पण इथे नाझींच्या चिन्हावर फौजदारी कायद्यात बंदी आहे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला दोन्हीतला फरक दिसत नाही. देव्हाऱ्यात ठेवा. दाराबाहेर, गाडीवर, अंगणातल्या रांगोळीत काढू नका. ज्याच्या घरातलं कोणी त्या काळात गेलं, त्या शेजाऱ्याला ते दारात पाहून काय वाटेल याचा विचार करा. आणि हिटलरबद्दल सहज, कौतुकानं किंवा थट्टेनं एक शब्दही बोलू नका.

७. आपलं गाव जर्मनमध्ये तयार ठेवा

हे कोणी सांगत नाही, पण गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ तोंडी परीक्षेत सादरीकरण असतं आणि त्यात ‘तुमच्या देशात काय परिस्थिती आहे’ हा ठरलेला भाग असतो. तिथे “इंडिया इज अ बिग कंट्री” छापाची वाक्यं निरर्थक ठरतात. आपल्या जिल्ह्याबद्दल दहा वाक्यं लिहून शिक्षकांकडून तपासून घ्या. माझी अशी होती: सांगली कृष्णेच्या काठी आहे, ऊस आणि द्राक्षं होतात, हळदीचा मोठा बाजार आहे, २०१९ मध्ये पूर आला तेव्हा अर्धं शहर पाण्यात होतं. हळदीला ‘कुर्कुमा’ म्हणतात. आजही रुग्णांशी गप्पांची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. मुंबईचे असाल तर हेही सांगा, की स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. स्टुटगार्टच्याही पुष्कळ लोकांना ते माहीत नसतं.

८. शेवटी स्वतःला तपासा

बाम्फच्या वेबसाइटवर नागरिकत्व परीक्षेचे सगळे प्रश्न आहेत: ३०० सर्वसाधारण, शिवाय प्रत्येक राज्याचे १० वेगळे. खऱ्या परीक्षेत ६० मिनिटांत ३३ प्रश्न येतात, त्यातले तीन तुमच्या राज्याचे, आणि नागरिकत्वासाठी १७ बरोबर लागतात. तुम्हाला ती परीक्षा आत्ता द्यायची नाही. पण बी१च्या पुढे गेलात की रोज दहा प्रश्न सोडवा, कारण त्यातली भाषा सरकारी पत्रांसारखी आहे आणि इथे आल्यावर पहिल्या महिन्यात तशीच पत्रं हातात पडतात. उत्तर पाठ करण्याआधी प्रश्नातले अनोळखी शब्द वहीत उतरवा.

सुरुवातीला राज्य निवडायचा रकाना येतो, तिथे आपलं राज्य नक्की निवडा. मग त्या दहांत बोधचिन्हाचा प्रश्न येईल. बाडेन-व्युर्टेमबर्गचं ओळखायला सोपं आहे: सोनेरी ढालीवर एकाखाली एक तीन काळे सिंह. इथे उतरल्यावर पोलिसांच्या बाहीवर पाहा, तिथे तेच असतात.